तो शेतात मोकळा काम करतो, मग शिक्षा कुठली?

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी भागातले. अकरा वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणातून भावकीतल्याच एका पोराने माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. मी सासरहून पोचले तेव्हा त्याला रानातून बैलगाडीत घालून आणत होते. त्या पोराला जन्मठेप लागली तेव्हा वाटलं, चला, एक गोष्ट तरी धडाला लागली.

आता कळतंय की दोन वर्षांपासून तो खुल्या जेलमध्ये आहे. तिथं म्हणे भिंत नाही. शेती करतो, गाई सांभाळतो, बी.ए. झाला. संचित रजेवर, म्हणजे शिक्षेतल्या सुट्टीवर, गावीही येतो. दिवाळीनंतर एसटी स्टँडवर मला समोरच दिसला. इस्त्रीचा शर्ट होता अंगात. मला बघून त्याने मान खाली घातली. माझे पाय लटपटले. आई तेव्हापासून नीट जेवत नाही. वहिनी दोन पोरं घेऊन दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. इतक्या वर्षांत तिच्या दारात सरकारचं कुणी आलं नाही, आणि ह्याला सरकार जेवू घालतं, शिकवतं.

त्याने परत रजेचा अर्ज केलाय. पोलीस चौकशी करून गेले. त्याची आई पदर पसरून दारात आली, हरकत घेऊ नका म्हणाली. माझा मोठा भाचा सोळा वर्षांचा आहे. तो म्हणतो, येऊ दे, मी बघतो त्याला.

माझे चुलत दीर पुण्याला असतात. ते म्हणतात, जग बदललं वहिनी, नॉर्वेत खुन्यालासुद्धा टीव्हीची खोली देतात, सुधारणा हवी, सूड नको. तुम्हीही कैद्यांच्या सुधारणेच्या बाजूने लिहिता. म्हणून विचारते. जेल खरोखर कडक असती, अंधारकोठडी असती, तर असं करायची कुणाची छाती झाली असती का? त्याला परत बंद जेलात पाठवा असा अर्ज मी करू का? आणि तो तिथं सडावा असं मला वाटतं, हे पाप आहे का?

एक बहीण


उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बाकीचे प्रश्न कागदावर सोडवता येतात, हा एकटीने रात्री सोसावा लागतो. नाही, हे पाप नाही. पाठच्या भावाला बैलगाडीतून आणताना जिनं पाहिलं, तिनं मारणाऱ्याचं भलं चिंतावं असा आग्रह धरायचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही. तुम्ही त्याला माफ करावं असं या उत्तरात मी कुठेही म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला परत बंद जेलात घालून तुमच्या घराला काही मिळणार नाही, आणि जे तुमच्या घराला हक्काने मिळायला हवं होतं ते मागायचं अजून राहून गेलं आहे.

नॉर्वेबद्दल तुमचे दीर सांगतात ते बरंचसं खरं आहे, पण तुम्हाला ऐकवायची ती वेळ नव्हती. तिथं शिक्षेची कमाल मर्यादा साधारण २१ वर्षांची. २०११ साली ७७ माणसं मारणाऱ्यालाही तेवढीच मिळाली. त्याच्यापासून धोका उरला आहे असं कोर्टाला वाटलं तर ती वाढवता येते. सुटलेल्यांपैकी दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणारे तिथं पाचात एक असतात. पण तो छोटा, श्रीमंत देश आहे, आणि तिथल्या जेलात एकेका कैद्यामागे भरपूर कर्मचारी असतात. आपल्याला उदाहरण हवंच असेल तर ते तुमच्या माणदेशातच आहे.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ साली, मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन, ज्यांना लोक भारतानंद म्हणून ओळखत, यांच्या पुढाकाराने तिथं कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. तिचं नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाच्या शिक्षेतली माणसं तिथं माळ फोडून शेती करू लागली. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्या प्रयोगावरून त्यांनी कथा रचली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांनी त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. ती वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे, आणि तिथले बंदी कुटुंबासह राहतात. खुलं जेल ही शहरातल्या शिकल्या-सवरल्यांनी परदेशातून आणलेली कल्पना आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते बरोबर नाही.

खुल्या जेलात गेला म्हणजे सुटला, असं गावात सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं. महाराष्ट्रात खुल्या कारागृहांचे १९७१ चे स्वतंत्र नियम आहेत. पैठण, मोर्शी, विसापूर, येरवडा अशा ठिकाणी ही कारागृहं आहेत. शिक्षेचा ठरावीक भाग बंद कारागृहात काढल्याशिवाय, वागणूक तपासल्याशिवाय आणि निवड समितीने नाव काढल्याशिवाय तिथं कुणाला पाठवत नाहीत. म्हणजे हा माणूस तुमच्या हिशेबाने नऊ वर्षं उंच भिंतीआड राहून तिथं गेला आहे. रोज हजेरी होते, हद्द ठरलेली असते, सक्तमजुरी चालूच असते. दिवसाची मजुरी काही वर्षांपूर्वीपर्यंत शंभर रुपयांच्या आतच होती. पळाला तर नवा गुन्हा दाखल होतो आणि पुन्हा बंद बरॅक. शिक्षेतून वजा होणारे माफीचे दिवस मात्र तिथं जास्त मिळतात, हे तुमच्यापासून लपवणार नाही. कधी उठायचं, कुठे जायचं, कुणाला भेटायचं, आई आजारी पडली तर तिच्याजवळ बसायचं की नाही, यातलं काहीही तो आजही स्वतः ठरवू शकत नाही. कोर्टाने त्याला शिक्षा दिली ती हीच. उपाशी ठेवणं, मारणं, कोंडून वेड लावणं ही शिक्षा कोर्टाने दिलेली नाही, आणि कोर्टाने जे दिलं नाही ते एखाद्या जमादाराने आपल्या मर्जीने देऊ नये.

ही मर्जी कशी चालते ते तुम्हाला कळायला हवं, कारण ‘जेल कडक हवी’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीच मागत असतो. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्राने सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींना पत्र पाठवलं होतं. दुसऱ्याच एका कैद्याचा वॉर्डरने अमानुष छळ केला होता, आणि तोही भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी. त्या पत्राचीच कोर्टाने याचिका करून घेतली. आपल्याकडे २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात जन्मठेप भोगणारी एक बाई मारहाणीनंतर मेली. न्याहारीतली अंडी आणि पाव कमी भरले, एवढ्यावरून हे झाल्याचा आरोप होता, आणि कारागृहाच्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा खटला उभा राहिला. यात तुमच्यासारख्या कुणा बहिणीला न्याय मिळाला असं मला कुठेच दिसत नाही.

आणि कडक जेल सगळ्यात आधी कुणाच्या अंगावर येते? २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन असे की ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला जामीन मिळतो, वकील मिळतो, दुखणं काढून हॉस्पिटलची खाटही मिळते. उरतात ते तुमच्या-माझ्या गावातले, ज्यांना जामीनदार मिळत नाही. अंधारकोठडी बांधली तर तिच्यात आधी हेच जातील.

आता तुमचा तो प्रश्न: कडक शिक्षा असती तर कुणाची छाती झाली असती का? ताई, शिक्षा कडक होतीच. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, याहून कडक कायद्यात काही नाही, आणि हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी बांधावर कुऱ्हाड उचलली गेली. त्या क्षणी त्याच्या डोक्यात हातभर जमीन होती, वडिलांचा अपमान होता, बहुधा आदल्या रात्री कुणीतरी आगीत ओतलेलं तेलही होतं. पुढची वीस वर्षं डोळ्यांसमोर येतील एवढा पोच असता तर तो हात खालीच राहिला असता. गुन्ह्याचा अभ्यास करणारे जवळजवळ एकमुखाने सांगतात की शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती आहे, याचा धाक जास्त असतो. नुसत्या भीतीने माणूस सुधारतो का, हेही अमेरिकेत करून बघितलं आहे. वळण बिघडलेल्या पोरांना जेलात नेऊन, तिथल्या कैद्यांकडून दरडावून घेऊन घाबरवायचे कार्यक्रम तिथं १९७० च्या दशकात सुरू झाले. पुढे तुलना केली तेव्हा अशा पोरांत गुन्हे कमी झालेले दिसले नाहीत, उलट वाढलेले दिसले.

तुमचा भाऊ कशाने वाचला असता याचा मी पत्र वाचून विचार करत होते. वेळेवर झालेल्या सरकारी मोजणीने वाचला असता. भूमी अभिलेखचा माणूस येऊन हद्दीचे दगड रोवून गेला असता, दोन्ही घरांच्या हातात मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत असती, पहिल्या शिवीगाळीलाच पोलीस पाटलाने दोघांना बसवलं असतं, तर कदाचित आज ते दोघंही एकाच लग्नात वाढायला उभे असते. हे लिहिताना मला वाईट वाटतं. पण गावोगाव बांधावरून माणसं मरतात, आणि आपण दर वेळी जेल किती कडक यावरच बोलत राहतो.

मी बरीच वर्षं एका मध्यवर्ती कारागृहात साक्षरतेच्या वर्गाला शिकवायला जात असे. तिथं पाहिलेलं सांगते. जन्मठेपेचा माणूस पहिली काही वर्षं वकील, अपील आणि तारीख यातच बुडालेला असतो. माझ्यावर अन्याय झाला, हेच तो स्वतःला सांगत राहतो. पश्चात्तापाला मनात जागाच नसते. अपील फेटाळलं की एकदम सगळं रिकामं होतं. त्या रिकामपणात त्याला कोण जवळ करतं यावर पुढचं ठरतं. बरॅकीतल्या मुरलेल्या टोळीवाल्याने जवळ केलं तर तो त्याचा होतो. मागावर, सुतारकामात किंवा वर्गात कुणी गुंतवलं तर हळूहळू तो आपण काय केलं ते बोलू लागतो. काही जण मेलेल्याच्या मुलांची वयं मोजत असतात. कुणी विचारलेलं नसताना, मध्येच, आता तो दहावीला असेल, असं बोलून जातात. सगळेच असे होत नाहीत. काही जण शेवटपर्यंत कोडगे राहतात, आणि तसे मी पाहिले आहेत.

पण ज्यांच्या हाताला काहीच लागलं नाही अशांनाही मी सुटताना पाहिलं आहे. दार दुसऱ्याने उघडायचं, ताट दुसऱ्याने वाढायचं, अशी इतकी वर्षं गेलेली की फाटकाबाहेरचा रस्ता ओलांडतानाही ते थबकतात. गावात त्यांना काम मिळत नाही. आणि आत ओळख झालेला कुणीतरी मोटारसायकल घेऊन न्यायला आलेला असतो.

तुमच्या भावकीतला तो कधीतरी परत येणारच आहे. आजीव जन्मठेप, म्हणजे मरेपर्यंत कैद, असं कोर्टाने लिहिलेलं नसेल तर प्रत्यक्ष १४ वर्षं भोगल्यानंतर त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार करता येतो. गुन्ह्याच्या प्रकारानुसार सरकारने ठरवलेली वर्षं त्याहून जास्तही असतात. म्हणजे तुमच्या वहिनी ज्या रस्त्याने कामाला जातात त्याच रस्त्यावर तो एक दिवस असेल. तिथं मला बी.ए. झालेला, गाई राखलेला, मान खाली घालणारा माणूस हवा आहे. मोटारसायकलवर बसून गेलेला नको. हे मी त्याच्या भल्यासाठी म्हणत नाही, तुमच्या वहिनींसाठी म्हणते. तुरुंगातल्या शिक्षणावर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांचा रँड या संस्थेने २०१३ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा शिकलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी दिसली. ज्यांना सुधारायचंच होतं ते शिकले असतील, अशी शंका त्यावर घेता येते, आणि ती रास्त आहे. तरी इतका मोठा फरक मी सोडून देणार नाही.

पण ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वहिनींच्या दारात सरकारचं कुणी आलं नाही, ती. कैद्यांच्या सुधारणेबद्दल बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांना ही ओळ ऐकवायला हवी. येरवड्यातल्या बंद्यांसाठी राज्य सहकारी बँकेने २०२२ साली ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू केली, जामीनदाराशिवाय ५० हजारांपर्यंत, घरच्यांच्या अडीनडीला. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण ज्या घराचा कर्ता माणूस मारला गेला त्या घरी त्याच बँकेचं कुणी गेलं का? बंद्याचं पोर शाळेत जावं म्हणून संस्था धडपडतात, मेलेल्याचं पोर शाळेतून गळालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या रागातला मोठा भाग इथून येतो असं मला वाटतं, आणि तो शंभर टक्के खरा आहे. त्यावर इलाज त्याचं ताट काढून घेणं हा नाही, तुमच्या घरात ताट आणणं हा आहे. त्यासाठी काय करता येतं ते सांगते.

फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने ३५७-अ हे कलम आलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९६ आहे. गुन्ह्यामुळे नुकसान झालेल्या आणि पुनर्वसनाची गरज असलेल्या पीडितांना, त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना राज्याने भरपाई द्यायची, असं ते सांगतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारताही येतं. तुम्हाला उशीर झालेला आहे, म्हणून अर्जात उशिराचं कारण स्पष्ट लिहा: या हक्काबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नाही. मंजूर होईलच अशी हमी मी देत नाही, पण न मागता तर काहीच मिळणार नाही. निकालपत्रात दंडाची रक्कम मयताच्या वारसांना द्यावी असा आदेश आहे का, तेही वकिलाकडून वाचून घ्या. कित्येकदा असा आदेश असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

दोन्ही मुलांसाठी महिला व बाल विकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत दरमहा मदत मिळते, २०२३ पासून ती २,२५० रुपये आहे. वहिनींसाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. धाकट्याची अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत, मोठ्याची दोनच. म्हणून याला आधी हात घाला.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या एकटीने होणार नाही, पण तुमच्यासारख्यांनी बोलल्याशिवायही होणार नाही. १९९८ साली सुप्रीम कोर्टाने कैद्यांच्या मजुरीवर निकाल देताना म्हटलं होतं की त्यांना रास्त मजुरी द्यावी आणि तिच्यातला काही हिस्सा ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांच्यासाठी बाजूला काढायची तरतूद राज्यांनी करावी. तुमच्या भावाला मारणाऱ्याने खुल्या जेलात गाळलेल्या घामातला काही भाग तुमच्या भाच्यांच्या वह्या-पुस्तकांत यावा, ही शिक्षा मला कुठल्याही अंधारकोठडीपेक्षा जास्त खरी वाटते. आमदार गावात आले की हे विचारा.

रजेबद्दल. परत बंद जेलात पाठवा असा अर्ज करून फारसं काही होईल असं वाटत नाही. खुल्या जेलात त्याने काही आगळीक केली तरच तसं होतं. पण संचित रजा हा त्याचा बिनशर्त हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ साली हे स्पष्ट केलं आहे. पोलिसांना जबाब द्या आणि नेमका द्या. ‘तो वाईट आहे’ एवढ्याने भागत नाही. आईची तब्येत, घरात वयात आलेला मुलगा, दोन्ही घरांमधलं अंतर, रजेत त्याने किंवा त्याच्या माणसांनी काही बोललं-केलं असेल तर तारीखवार, असं सगळं लिहून द्या. आणि नुसता नकार देण्यापेक्षा अशी मागणी करा की रजा दिलीच तर त्याने गावात न येता दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे राहावं आणि हजेरी तिथल्या पोलीस ठाण्यात लावावी. ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त, आणि तुम्हाला खरं हवंय तेही हेच: स्टँडवर तो पुन्हा समोर येऊ नये.

पुढे मुदतपूर्व सुटकेचा विषय निघेल तेव्हाही गप्प बसू नका. पीडितांना आपलं म्हणणं मांडायचा अधिकार प्रत्येक टप्प्यावर आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ साली सांगितलं आहे. २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार आणि त्यांच्या घरच्यांचे खून केल्याबद्दल शिक्षा झालेल्या ११ जणांना गुजरात सरकारने त्याच वर्षी मुदतीआधी सोडलं. त्या स्वतः सुप्रीम कोर्टात गेल्या आणि ८ जानेवारी २०२४ ला ती सुटका रद्द झाली. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे तो निर्णय घ्यायचा अधिकारच गुजरात सरकारचा नव्हता. त्या निकालाचा मला आनंद झाला होता. कैदी सुधारावा असं म्हणणं वेगळं आणि सत्तेच्या सोयीने कुणाला बाहेर काढणं वेगळं.

त्याच्या आईविषयी तुम्ही विचारलं नाही, पण ती पत्रात आहे. भावकी म्हणजे तुमच्या भावाचं सुतक त्यांच्याही घरात पाळलं गेलं असेल. तिनं पदर पसरला म्हणून त्यात तुम्ही काही टाकलंच पाहिजे असं नाही. हरकत न घेणं म्हणजे माफ करणं नव्हे आणि हरकत घेणं म्हणजे वैर वाढवणं नव्हे. जे सांगायचं ते पोलिसांना सांगितलंय, एवढं तिला म्हणा आणि दार लावून घ्या. फक्त तिच्याशी भांडू नका, पोरांसमोर तर नकोच.

मला खरी काळजी तुमच्या भाच्याची आहे. ‘येऊ दे, मी बघतो’ हे सोळा वर्षांच्या तोंडी ऐकून तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात. मला तिथून पुढे जाता आलं नाही. तो दुसऱ्या बांधावर उभा आहे, ताई. कायद्यातही हे वय अवघड आहे: सोळा पूर्ण झालेल्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला तर त्याला प्रौढासारखं खटल्याला उभं करायचं का, हे बाल न्याय मंडळ तपासू शकतं. वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. वडिलांबद्दल घरात काय बोललं जातं? ते कसे मेले, एवढंच का? ते कसे हसायचे, कुस्तीला जायचे की भजनाला, बैलांना काय नावं ठेवायचे, हे त्याला कोण सांगतं? बदला घेणं हीच वडिलांसाठी करता येण्यासारखी एकमेव गोष्ट आहे असं त्याला वाटत असेल, तर त्याला दुसरी गोष्ट द्यायला हवी. त्याचा आवडता मास्तर असेल, मामा असेल, ज्याचं तो ऐकतो अशा कुणाला आजच सांगा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे न्या. भावाला मारणारा रजेवर येईल त्या दिवसांत मुलाला तुमच्या सासरी ठेवून घ्या. आणि तुमचा राग मुलासमोर बोलू नका. माझ्याकडे बोला, हवं तेवढं लिहा, मी वाचेन.

एक काम भाच्यावर सोपवा. भरपाईचा आणि बालसंगोपनाचा, दोन्ही अर्ज त्याच्या अक्षरात लिहून घ्या, आणि तुम्ही, वहिनी आणि तो असे तिघं मिळून कोर्टात आणि महिला व बाल विकास कार्यालयात जा. अर्जाला निकालपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, दोघांचे शाळेचे बोनाफाईड आणि वहिनींच्या पासबुकाची झेरॉक्स जोडा. त्याच फेरीत भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज टाकून या, तो बांध अजून तसाच असेल तर. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या.